साक्षीदार बाकी

(शब्दकोशाच्या कचेरीतली लांब खोली. दुपार. संपादक, टंकलेखिका आणि महिन्याभरापूर्वी वारलेल्या संकलकाची मुलगी.)

संपादक: ...तर सही इथं, या रेघेवर. एवढ्यासाठी तुम्हाला बोलावून घेतलं, माफ करा. कॉलेज बुडालं असेल.

मुलगी: नाही, आज तास नव्हता. आणि बाबांचं टेबल आवरायचं राहिलंच होतं.

टंकलेखिका: ते मी आवरलं हो, ताई. म्हणजे वरवर पुसलं. हात नाही लावला कशाला. चष्म्याचं घर, टाचण्यांची डबी, खोडरबरं. जन्मभर ‘खोडायचं नाही, खोडायचं नाही’ म्हणत राहिले आणि खणात खोडरबरं सतरा!

संपादक: बाई, जरा.

टंकलेखिका: मी गप्पच आहे.

मुलगी: सही कशावर करायची आहे, सर?

संपादक: एका चिठ्ठीवर. पण आधी आमची पद्धत सांगतो, म्हणजे सही कशाला ते कळेल. मास्तरांनी... आम्ही त्यांना इथं मास्तर म्हणायचो.

टंकलेखिका: चिठ्ठीमास्तर. पूर्ण सांगा.

संपादक: त्यांनी तीस वर्षं चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ आणि एक वाक्य. वाक्य मनानं रचायचं नाही, कुणीतरी खरंच बोललेलं हवं. कोण बोललं, कोणाला, कुठल्या तारखेला, कुठल्या सुरात, सगळं लिहायचं.

मुलगी: माहीत आहे मला. घरी जेवताना आम्ही जपून बोलायचो. एखादं वाक्य जरा बरं निघालं की घास ताटात आणि हात खिशाकडे.

टंकलेखिका: जपून कशाला बोलायचं? माझी नऊ वाक्यं आहेत कोशात. त्यातली सहा नवऱ्याला उद्देशून. तो भाग छापून आला तेव्हा आमचे हे महिनाभर बगलेत घेऊन फिरत होते. ज्याला त्याला दाखवायचे, ‘बघा, आता तर कोशात आलंय, आता तरी विश्वास ठेवा माझ्यावर.’

संपादक: झालं?

टंकलेखिका: झालं.

संपादक: आता मुद्दा. संकलकाला स्वतःचंच वाक्य द्यायचं असेल तर साक्षीदार लागतो. नाहीतर काय, कुणीही घरी बसून वाक्य रचेल आणि ‘मीच बोललो’ म्हणेल. हा नियम मास्तरांनी स्वतः घालून घेतला. आणि तीस वर्षांत स्वतःचं एकही वाक्य दिलं नाही. साक्षीदाराला कशाला त्रास, म्हणायचे.

मुलगी: मग ही?

संपादक: ही त्यांच्या खणात सापडली. तळाशी, कागद घातला होता त्याच्याही खाली. बोलणारा म्हणून स्वतःला लिहिलंय आणि कोपऱ्यात शेरा आहे, ‘साक्षीदार बाकी’. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. अकरा वर्षं ही चिठ्ठी त्यांनी दिली नाही आणि टाकलीही नाही.

मुलगी: शब्द कुठला?

संपादक: डाग. उद्या सकाळी ‘ड’ छापखान्यात जातो.

टंकलेखिका: ‘ड’ म्हणजे काय अक्षर आहे, ताई! डबकं, डंख, डूख, डाग. टाइप करता करता जीव आंबून गेला माझा.

संपादक: डोळा आहे. डोंगर आहे. डौल आहे.

टंकलेखिका: ते शेवटी येतात. तोवर माणूस खचतो.

मुलगी: बघू ती चिठ्ठी.

संपादक: आधी या बघा, त्याच शब्दाच्या. म्हणजे तिची जागा कुठं ते लक्षात येईल. ही पहिली. ‘डाग. कापडावर वगैरे पडलेली खूण. — चहाचा डाग घासू नये, टिपावा. घासला की पसरतो.’ बोलली, टंकलेखिका. सूर, शिकवण्याचा.

टंकलेखिका: शिकवण्याचा? मी साधंच बोलले होते.

संपादक: ही दुसरी. ‘डाग. सामानाचा नग. — निघताना म्हणाली दोनच डाग आहेत, मोजले तर सात.’ बोलला, टॅक्सीवाला. सूर, दमलेला. ही तिसरी, ‘डाग. दागिना.’ ती सोडून देऊ. चौथी. ‘डाग. बदनामी. — घराण्याला डाग लावलास, कार्ट्या!’ बोलला, शेजारी, मुलाला. सूर, जिन्यात ऐकू येईल असा.

मुलगी: ते वरच्या मजल्यावरचे काका. मुलगा गणितात नापास झाला होता. आता तोच मुलगा त्यांना हाताला धरून फिरायला नेतो.

संपादक: आणि ही पाचवी. तुमच्यासमोर ठेवतो. वाचता का तुम्हीच?

मुलगी: तुम्ही वाचा, सर. चष्मा... चष्मा विसरले मी.

टंकलेखिका: डोक्यावर आहे, ताई.

मुलगी: तरी तुम्हीच वाचा.

संपादक: बरं. ‘डाग. ज्याच्या अंगावर आहे त्याच्यापेक्षा सोबतच्या माणसाला जास्त दिसणारी खूण. — खिशावर डाग आहे, तुम्ही जरा मागेच बसा.’ कोण बोललं, ‘मी’. कोणाला, ‘घरच्या माणसाला’. सूर, ‘हळू; इतर कुणाला ऐकू जाऊ नये असा’. पुढं तारीख. अर्थ बघा काय बांधलाय. इतक्या वर्षांत, इतक्या कोशांत, हा अर्थ कुणी वेगळा काढून दाखवलेला नाही. मला ही चिठ्ठी हवी आहे. पण साक्षीदाराशिवाय घेता येत नाही. ‘घरच्या माणसाला’ म्हणजे तुम्हीच असणार, नाहीतर तुमच्या आई. त्या तर आधीच गेल्या. म्हणून तुम्ही.

मुलगी: हो. मला आठवतं. कुठं सही करू?

संपादक: म्हणजे हे मास्तर बोलले होते?

मुलगी: हो.

संपादक: तुम्हाला?

मुलगी: हो, मला.

टंकलेखिका: तुम्हाला? साडीला खिसा कुठला, ताई? आणि लेकीला ‘तुम्ही’?

मुलगी: मला नाही... मला म्हणजे माझ्यासमोर. कुणी पाहुणे आले होते. त्यांना म्हणाले.

टंकलेखिका: पाहुण्याला? आमच्या मास्तरांनी? पाहुण्याला ‘मागे बसा’?

संपादक: मलाही तेच खटकलं होतं, स्पष्ट सांगतो. एकदा मोठे विद्वान आले होते इथं, खुर्च्या कमी पडल्या. मास्तरांनी झाडूवाल्या मावशींना उठू दिलं नाही. म्हणाले, ‘त्या आधी आल्यात.’ स्वतः दोन तास भिंतीला टेकून उभे. आणि हा माणूस कुणाला तरी खिशावरच्या डागासाठी मागे बसवतो?

मुलगी: माणूस घरी वेगळा असतो, सर.

संपादक: असतो. असू शकतो. मी फक्त विचारतोय. तुम्ही सही केलीत तर मी छापीन. प्रस्तावनेत मी लिहिलंय की मास्तरांच्या चिठ्ठ्यांत एकही खोटी नाही. ते वाक्य मी फार विचार करून लिहिलंय.

मुलगी: पेन द्या.

टंकलेखिका: थांबा हो जरा. तारीख काय आहे, साहेब? बघू इकडं. ...अगोबाई. ताई, हा तर तुमच्या सत्काराचा दिवस! तुम्हाला पीएचडी मिळाली तो. मी विसरेन होय? मास्तर सकाळपासून हवेत होते. चार वाजता निघाले, तर मीच म्हटलं, ‘अहो, घरी जाऊन शर्ट तरी बदला.’ तर म्हणाले, ‘उशीर होईल, पहिल्या रांगेतली खुर्ची जाईल.’

मुलगी: बाई, राहू दे.

टंकलेखिका: राहू दे काय? छान आठवण आहे. संध्याकाळी परत आले ना इथं! कचेरी बंद करायला निघाले होते मी, तर हे दारात. म्हटलं, लेकीचा सत्कार सोडून इकडं कुठं? तर म्हणाले, ‘झाला सत्कार. तिला मैत्रिणींबरोबर जेवायला जायचंय, मी कशाला मध्ये?’ मग बसवलं, चहा टाकला. काय सांगू, इतके खूश! भाषण म्हणून दाखवलं तुमचं, शब्दन्‌शब्द. आणि म्हणाले, ‘मला पहिल्या रांगेत बसवलं होतं तिनं. अगदी मधोमध.’

मुलगी: असं म्हणाले?

टंकलेखिका: दोनदा म्हणाले. मधोमध. आणि मग हळूच विचारतात कसे, ‘बाई, शाईचा डाग कशानं जातो हो?’ म्हटलं, आता सुचतंय का! लिंबू सांगितलं, दूध सांगितलं. तिथं मोरीपाशी उभे राहून घासत बसले. किती वेळ! कापड विरलं पण डाग काही हलेना. म्हटलं, ‘अहो, घासू नका, टिपा.’ ऐकतील तर शपथ.

संपादक: बाई.

टंकलेखिका: काय?

संपादक: थोडं थांबा.

टंकलेखिका: अहो ताई... अगंबाई, रडवलं का मी? जीभ झडो माझी.

मुलगी: नाही. तुम्ही नाही रडवलं.

संपादक: पाणी द्या त्यांना.

मुलगी: नको. सर, पहिल्या रांगेत नव्हते ते.

संपादक: हं.

मुलगी: शेवटून दुसऱ्या रांगेत होते. खांबाच्या मागे. मी बसवलं होतं. हे वाक्य माझं आहे. ‘खिशावर डाग आहे, तुम्ही जरा मागेच बसा.’ मी म्हणाले त्यांना. हळू म्हणाले. तेवढी अक्कल होती मला.

टंकलेखिका: अहो...

मुलगी: पहिली रांग घरच्यांसाठी राखून ठेवली होती. नावांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या खुर्च्यांवर. त्यांच्या नावाची मीच लिहिली होती, आदल्या दिवशी. ते दारातून आले आणि मला आधी तो खिसाच दिसला. फिक्या शर्टावर एवढा निळा डाग. शेजारी आमच्या विभागप्रमुखांचे वडील, कोटात. मी पुढं झाले, त्यांना दारातच गाठलं आणि म्हणाले. ते ‘बरं’ म्हणाले. लगेच. जसं काही मी त्यांना पंख्याखाली बसा म्हटलं होतं.

संपादक: आणि खुर्ची?

मुलगी: चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली. खुर्चीवर कुणीतरी बसलं.

टंकलेखिका: होतं हो असं, ताई. पोरं बोलतात. मी माझ्या आईला एकदा...

मुलगी: मी पोर नव्हते, बाई. एकोणचाळीस वर्षांची होते. आणि तेवढ्यावर राहिलं नाही. भाषण संपलं तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, सगळ्यांसमोर, की वडील आले असतील तर त्यांना मंचावर बोलवा, अशी मुलगी घडवणारा माणूस आम्हाला बघू द्या. आणि मी माइकवर सांगितलं, ‘ते आज येऊ शकले नाहीत.’ ज्या प्रबंधाचा तो सत्कार होता, त्यातली निम्मी उदाहरणं त्यांच्या चिठ्ठ्यांमधली होती.

संपादक: घरी गेल्यावर काही बोलणं झालं?

मुलगी: मी रात्री गेले तेव्हा झोपले होते. झोपल्यासारखे होते. सकाळी विचारलं, ‘चहा घेणार का?’ मग अकरा वर्षं आम्ही चहा घेत राहिलो. दर वेळी वाटायचं, आज बोलू. शेवटी दवाखान्यातही वाटलं. तर ते तिथल्या नर्सच्या तोंडचा कुठलासा शब्द लिहायला कागद मागत होते. मी कागद दिला.

टंकलेखिका: साहेब, ती चिठ्ठी सोडून द्या ना. कुणाला माहीत आहे? आम्ही दोघं, आणि आमच्या तोंडून बाहेर जायची नाही. माझ्यासुद्धा.

संपादक: छापायची नाही, हे माझ्या हातात आहे. आता, या क्षणी ठरवू शकतो. पण चिठ्ठी फाडता येणार नाही. फाडायची नाही हाही त्यांचाच नियम. ती त्यांच्या चिठ्ठ्यांच्या पेटीत जाईल, जशी आहे तशी.

मुलगी: त्यांच्या नावानं.

संपादक: त्यांच्या नावानं. बोलणारा, ‘मी’.

मुलगी: म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी पेटी उघडली तर हे वाक्य ते बोलले असं होईल.

संपादक: तसं होईल.

मुलगी: आणि दुरुस्त केलं तर?

संपादक: तर छापावं लागेल, बोलणाऱ्याच्या नात्यासकट. ‘मुलगी, वडिलांना.’ नाव नसतं. पण तुमच्या कॉलेजात कोश जातो, तुमच्या विभागात तर सगळे वाचतात. हा भाग मास्तरांचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्यांना मुलगी एकच. तारीखही छापतो आम्ही. मी तुम्हाला आग्रह करणार नाही. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे.

मुलगी: उद्या सकाळी मी सही करणार नाही. मला माहीत आहे मी कशी आहे ते. आत्ताच करू. जुनं खोडू का?

संपादक: खोडायचं नाही. एकच रेघ ओढायची, आणि तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. ‘मी’वर एक रेघ, शेजारी सही. मग कोरी चिठ्ठी घ्या आणि पूर्ण परत लिहा. बाई, कोऱ्या चिठ्ठ्या.

टंकलेखिका: या घ्या. आणि हे पेन. त्यांचंच आहे, ताई, खणातलं. चालतं अजून. पण आधी निब पुसा हं, पहिला थेंब जाड पडतो.

मुलगी: कशाला पुसू?

टंकलेखिका: टीपकागद देते. ते कुठले टीपकागद घेणार! सरळ खिशाला पुसायचे. हे असं, डाव्या हातानं खिसा धरायचा आणि निब आतून फिरवायची. लिहायला बसले की दर चिठ्ठीआधी एकदा.

मुलगी: खिशाला पुसायचे?

टंकलेखिका: मग तुम्हाला काय वाटलं?

मुलगी: मला वाटायचं पेन गळकं आहे. किती भांडले मी त्यांच्याशी. तीन नवी पेनं आणून दिली.

टंकलेखिका: गळकं कसलं! चिठ्ठीवर थेंब पडू नये म्हणून हो. थेंब पडला की चिठ्ठी बाद समजायचे, अख्खी पुन्हा लिहायचे. त्यांच्या पेट्या उघडून बघा, एका चिठ्ठीवर डाग सापडला तर नाव बदलीन माझं. सगळे शर्टावर घेतले.

संपादक: बाई, खिडकी उघडा जरा. गरम होतंय.

टंकलेखिका: उघडीच आहे, साहेब.

संपादक: मग असू दे.

मुलगी: अर्थ तोच लिहू?

संपादक: शब्दाला शब्द. तो त्यांचा आहे.

मुलगी: ‘...सोबतच्या माणसाला जास्त दिसणारी खूण.’ वाक्यही तेच. कोण बोललं, ‘मुलगी’. कोणाला, ‘वडिलांना’. वय लिहायचं?

संपादक: लिहितो आम्ही.

मुलगी: एकोणचाळीस. तारीख तीच. सूर... तोच लिहिते. ‘हळू, इतर कुणाला ऐकू जाऊ नये असा.’

संपादक: साक्षीदार.

मुलगी: आता तो कुठून आणू, सर? ऐकणारे ते एकटेच होते.

संपादक: मग आहेत की. त्यांनी ऐकलं आणि त्याच दिवशी लिहून ठेवलं. त्यांचं अक्षर हीच साक्ष. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र टाचून ठेवू. कोपऱ्यातला तो शेरा तेवढा...

मुलगी: त्याच्यावरही रेघ ओढू?

संपादक: ओढा. बाकी राहिली नाही आता.

टंकलेखिका: आणा इकडं, मी टाइप करून टाकते. ताई, तुम्ही चहा घ्या तोवर. एवढं मनाला लावून घेऊ नका. ते खूश होते हो, देवाशपथ. मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं भाषण सांगताना खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

मुलगी: बाई, भाषण सगळं सांगितलं त्यांनी? शब्दन्‌शब्द?

टंकलेखिका: सगळं. कुठं लोक हसले, कुठं तुम्ही पाणी प्यायलात, तेसुद्धा.

मुलगी: शेवटचंही?

टंकलेखिका: शेवटचं... हां, शेवटचं तेवढं नाही. अध्यक्षांनी तुम्हाला काहीतरी विचारलं, तुम्ही माइकवर काही बोललात, पण ते म्हणाले, ते काही ऐकू आलं नाही. टाळ्या फार वाजत होत्या, म्हणाले.

मुलगी: टाळ्या त्यानंतर वाजल्या, बाई.